घराचे नूतनीकरण : एकच कंत्राटदार की स्वतंत्र कारागीर?

मुंबई-पुण्यातील पंचवीस-तीस वर्षांच्या जुन्या सदनिकेचे नूतनीकरण करायचे ठरले की पहिला प्रश्न उभा राहतो तो खर्चाचा. सगळे काम एकाच कंत्राटदाराकडे सोपवावे, की गवंडी, प्लंबर, वायरमन, सुतार आणि रंगारी स्वतंत्रपणे नेमून स्वतःच देखरेख करावी? दुसऱ्या मार्गात कंत्राटदाराचा नफा वाचतो. नोंदणीकृत कंत्राटदाराच्या बिलावर लागणारा १८ टक्के वस्तू व सेवा करही बराचसा टळू शकतो. मात्र या हिशेबात एक बाब हमखास सुटते. ती म्हणजे जबाबदारी.

न्हाणीघराचेच उदाहरण घ्यावे. जुना कोबा फोडल्यावर प्लंबर नळ आणि नहाणी ट्रॅप बसवतो, दुसरा कारागीर वॉटरप्रूफिंग करतो आणि तिसरा टाइल्स लावतो. दोन-तीन महिन्यांनी खालच्या घराच्या छताला ओल येते. प्लंबर टाइल्सवाल्याकडे बोट दाखवतो, टाइल्सवाला वॉटरप्रूफिंगकडे. तोवर तिघांचेही पैसे चुकते झालेले असतात. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते. साहजिकच नवी फरशी पुन्हा फोडण्याचा भुर्दंड घरमालकाच्याच माथी बसतो.

कंत्राटदार एकच असेल, तर दाद मागण्याचे ठिकाणही एकच असते. मात्र त्यासाठी करार लेखी हवा. ‘मालासह’ दर ठरवताना मालाचा दर्जा नमूद केला नाही, तर काटकसर तिथेच होते. नुसते ‘प्लायवूड’ लिहिणे पुरेसे नाही. ते आयएस ३०३ प्रतीचे, की पाण्याला टिकणारे आयएस ७१० प्रतीचे, हे स्पष्ट असावे. पैसे तारखेनुसार न देता कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि काही रक्कम पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच घालावी.

स्वतः देखरेख करणाऱ्याला पैशापेक्षा वेळ अधिक मोजावा लागतो. एक कारागीर आला नाही की पुढच्या सर्वांचे काम खोळंबते. शिवाय वॉटरप्रूफिंगनंतर न्हाणीघरात ४८ तास पाणी साठवून गळती तपासणे आणि भिंती बुजवण्यापूर्वी पाइप व वायरिंगची छायाचित्रे मोजमापासह काढून ठेवणे, ही कामे त्यालाच करावी लागतात. केवळ रंगकाम किंवा कपाटे करायची असतील, तर हा मार्ग सोयीचा ठरतो.

अनेकांना मधला मार्ग परवडतो. तोडफोड, नळकाम, वॉटरप्रूफिंग आणि फरशी ही एकमेकांत गुंतलेली कामे एकाकडे द्यावीत; सुतारकाम आणि रंगकाम वेगळे द्यावे. जिथे एकाची चूक दुसऱ्याच्या कामाखाली झाकली जाते, तिथे उत्तरदायी माणूस एकच असावा, हे यामागचे तत्त्व.

मार्ग कोणताही निवडला, तरी काम सुरू करण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. खांब, तुळई वा भार पेलणाऱ्या भिंतीला संरचना अभियंत्याचा सल्ला आणि महापालिकेची परवानगी यांवाचून हात लावू नये. तिथे झालेल्या चुकीचा धोका साऱ्या इमारतीला असतो.