अंगावरून वारं गेल्यावर

वारं गेलं, म्हणजे पक्षाघात झाला, की मेंदूचा रक्तपुरवठा तुटून पेशी मरतात. साफसफाईला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात; त्यांचा जोर वाढला तर चांगला भागही सुजतो. त्यांना आवरतात नियामक टी-पेशी. त्या ओळखणारे जपानचे शिमोन साकागुची यांना २०२५ चे नोबेल आणखी दोघांसह मिळाले. उंदरांमध्ये झटक्यानंतर काही आठवड्यांनी या पेशी मेंदूत जमून दुरुस्तीला हातभार लावताना दिसल्या. माणसांसाठी तसे औषध अजून नाही.

म्हणून पालीच्या आपल्या वस्त्यांत आपण एवढे पाळू : तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर अंगारा-मालिशीत वेळ न दवडता १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. घरी आल्यावर व्यायाम सोडू नये. मेंदू कित्येक आठवडे सावरत असतो. जय भीम!