बास-पारधीची साधने

उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील बास हा मासा गळाने पकडण्यासाठी लागणारे कृत्रिम आमिष, दोरा, काठी व रीळ यांचा संच. ही चार साधने स्वतंत्रपणे तयार होतात व स्वतंत्रपणे विकली जातात. प्रत्यक्ष पाण्यात मात्र ती एकाच यंत्राच्या भागांप्रमाणे काम करतात. आमिषाच्या वजनाने काठी वाकते, वाकलेली काठी सरळ होताना आमिष फेकले जाते, रिळावरून दोरा सुटतो व त्याच दोऱ्यातून माशाचा स्पर्श हातापर्यंत पोहोचतो. यांपैकी एक भाग विजोड असला, तर उरलेले तीन उत्तम असूनही उपयोग होत नाही. म्हणून निवडीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. पाण्याची स्थिती व माशाच्या सवयी पाहून प्रथम आमिष, आमिषावरून दोरा, दोन्हींवरून काठी आणि शेवटी काठीला साजेसे रीळ निवडणे हा योग्य क्रम होय. आधी महाग काठी व रीळ घेऊन मग त्यांना जुळणारे आमिष शोधण्याचा उलटा क्रम बहुधा निराशाजनक ठरतो. पकडलेला मासा परत सोडण्याची प्रथा रूढ झाल्यापासून या निवडीवर पारधीचे यशच नव्हे, तर सोडलेल्या माशाचे जगणेही अवलंबून असते.

मासा व त्याच्या सवयी : इंग्रजीत बास हे नाव परस्परांशी निकटचा संबंध नसलेल्या अनेक माशांना लावले जाते. कोकणातील खाड्यांमध्ये सापडणाऱ्या जिताड्यालाही आशियाई सी बास म्हणतात. परंतु तो वेगळ्या कुलातील आहे. प्रस्तुत नोंदीतील बास सेंट्रार्किडी कुलाच्या मायक्रॉप्टेरस वंशात मोडतात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०२ मध्ये या वंशाचे वर्णन केले. पारधीच्या दृष्टीने मोठ्या तोंडाचा बास व लहान तोंडाचा बास हे दोन प्रकार प्रमुख आहेत. मोठ्या तोंडाच्या बासचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ मायक्रॉप्टेरस सॅल्मॉइडीस असे होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानंतर हे नाव फ्लॉरिडातील बासपुरते ठेवून उत्तरेकडील माशाला मा. नायग्रिकँस हे नाव देण्यात आले. लहान तोंडाच्या बासचे शास्त्रीय नाव मा. डोलोम्यू असे आहे.

मोठ्या तोंडाचा बास संथ व उबदार पाण्यात, पाणवनस्पती, बुडालेली झाडे व धक्क्यांचे खांब यांच्या आडोशाने दबा धरून राहतो. लहान तोंडाचा बास खडकाळ तळाच्या, तुलनेने थंड व वाहत्या पाण्यात आढळतो आणि गोड्या पाण्यातील झिंग्यासारखे कवचधारी प्राणी आवडीने खातो. दोन्ही मासे तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतात. ही क्रिया क्षणार्धात होते व भक्ष्य बनावट वाटल्यास ते तितक्याच वेगाने बाहेर टाकले जाते. बास शीतरक्त असल्यामुळे पाण्याच्या तपमानानुसार त्याची चपळता बदलते. सु. १०° से. च्या खाली तो मंदावतो, सु. १५° ते २१° से. तपमानात नर उथळ तळावर घरटे करून अंड्यांची राखण करतो. मोठ्या तोंडाचा बास सु. २४° ते ३०° से. तपमानात सर्वांत अधिक क्रियाशील असतो. त्याच्या डोळ्यात रंगग्राही पेशी दोन प्रकारच्या असून त्या मुख्यत्वे हिरव्या व लाल प्रकाशास प्रतिसाद देतात. अंधारात किंवा गढूळ पाण्यात शरीराच्या बाजूंवरील पार्श्विक रेखेने टिपलेली पाण्याची कंपने त्याला भक्ष्याकडे नेतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी केंटकी राज्यातील पॅरिस गावचे घड्याळजी जॉर्ज स्नायडर यांनी हँडलच्या एका फेऱ्यात दोऱ्याचा गुंडाळा अनेक वेळा फिरविणारे दंतचक्री रीळ तयार केले. बास-पारधीच्या आधुनिक रिळाचा उगम येथे झाला. जेम्स हेन्शॉल या डॉक्टरांचा ब्लॅक बासवरील ग्रंथ १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला व ट्राउटच्या तुलनेत दुय्यम मानल्या जाणाऱ्या या माशाला प्रतिष्ठा लाभली. त्यानंतर मिशिगन राज्यातील डोवाजिॲक येथे जेम्स हेडन यांनी लाकडी आमिषांचा उद्योग उभारला. फिनलंडमध्ये लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये जखमी माशाप्रमाणे डुलत जाणारे बुचाचे आमिष बनविले. ओहायओतील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ तयार केले. दोऱ्यासाठी नायलॉनचा तंगूस १९३० च्या दशकाअखेर उपलब्ध झाला. काठीसाठी चिरलेल्या बांबूच्या जागी दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू व १९७० च्या दशकात कार्बन तंतू आला. रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्‌कॅन्सॉ राज्यातील बीव्हर सरोवरावर मोठी स्पर्धा भरविली आणि १९७२ पासून आपल्या स्पर्धांत मासा जिवंत परत सोडण्याचा पुरस्कार केला.

आमिषे : बासचे कृत्रिम आमिष कोणत्या खोलीवर, कोणत्या वेगाने व किती अडथळ्यांतून न्यावयाचे आहे, यावरून त्याचे प्रकार पडतात. पृष्ठभागावर तरंगणारी आमिषे पाणी उडवून किंवा गुळगुळ आवाज करून माशाला वर बोलावतात. ती पहाटे, सायंकाळी व उबदार शांत पाण्यात उपयोगी पडतात. पुढच्या टोकाला जीभेसारखी पट्टी असलेली क्रँकबेट नावाची आमिषे ओढताच खाली जातात. पट्टी जितकी लांब व आडवी, तितके आमिष खोल जाते. त्यांच्या योगाने थोड्या वेळात बरेच पाणी धुंडाळता येते. स्पिनरबेट हे वाकविलेल्या तारेवर भिरभिरणारी धातूची पाती व गळाभोवती झालर असलेले आमिष असून त्याची कंपने गढूळ पाण्यातही माशाला जाणवतात. डोक्याला वजन ओतलेला झालरीचा गळ जिग या नावाने ओळखला जातो. तो तळाशी उड्या घेत चालविला म्हणजे कवचधारी प्राण्याचा भास होतो. मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळात गळाचे टोक परत खुपसून ठेवले व पुढे गोळीच्या आकाराचे सरकते वजन ओवले, म्हणजे ते झुडपांतूनही न अडकता जाते. या जोडणीस टेक्सस जोडणी म्हणतात.

थंड पाण्यात सावकाश चालणारी लहान आमिषे व उबदार पाण्यात जलद आमिषे, हा सर्वसाधारण नियम होय. रंगाबाबतचा नियमही साधा आहे : स्वच्छ पाण्यात स्थानिक भक्ष्याशी मिळतेजुळते फिकट रंग आणि गढूळ पाण्यात काळा, गडद निळा अथवा भडक रंग. दुकानांत दिसणाऱ्या असंख्य छटांपैकी पुष्कळशा माशाच्या डोळ्यापेक्षा माणसाच्या डोळ्यासाठीच असतात. आमिषाची खोली व वेग चुकल्यास रंग बदलून ती चूक भरून निघत नाही.

दोरा : सध्या तीन प्रकारचे दोरे प्रचलित आहेत. नायलॉनचा तंगूस स्वस्त, लवचिक व गाठीस सोपा असतो. तो ताणला जात असल्याने धक्का सोसतो, पण त्यामुळेच स्पर्श अस्पष्ट होतो. फ्ल्युओरोकार्बनचा दोरा पाण्याच्या सु. पावणेदोन पट घन असल्याने बुडतो. त्याचा प्रणमनांक १.४२ असून पाण्याचा १.३३ व नायलॉनचा सु. १.५३ आहे, म्हणून तो पाण्यात तंगूसापेक्षा कमी दिसतो. बुडण्याच्या गुणामुळे पृष्ठभागावरील आमिषांना तो योग्य नाही. पॉलिएथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा पाण्यावर तरंगतो, जवळजवळ ताणला जात नाही व जाडीच्या मानाने फार बळकट असतो. दाट पाणवनस्पतींत तोच वापरतात. स्वच्छ पाण्यात तो ठळक दिसतो, यासाठी त्याच्या टोकाला फ्ल्युओरोकार्बनचा तुकडा जोडतात. उघड्या पाण्यात हलक्या आमिषांसाठी सु. २.७ ते ४.५ किग्रॅ. बळाचा, सामान्य आमिषांसाठी ५.५ ते ९ किग्रॅ. बळाचा व दाट वनस्पतींत १४ ते ३० किग्रॅ. बळाचा विणलेला दोरा लागतो.

काठी : काठीची लांबी सामान्यतः १.८ ते २.३ मी. असते. लांब काठीने आमिष दूर जाते व सैल दोरा लवकर ताणता येतो. आखूड काठीने झाडांखाली अचूक फेक करता येते. काठीचे ताकद व वाक हे दोन गुण वेगळे असून त्यांची गल्लत होऊ देऊ नये. ताकद म्हणजे काठी वाकविण्यास लागणारे बळ. हलकी, मध्यम व जड या संज्ञा तिच्या निदर्शक होत. वाक म्हणजे काठी कोठून वाकते ते. जलद वाकाची काठी केवळ टोकाशी वाकते. मध्यम वाकाची अर्ध्यापर्यंत वाकते. मुठीजवळ काठीवर आमिषाच्या वजनाची व दोऱ्याच्या बळाची मर्यादा छापलेली असते. तिच्यापेक्षा हलक्या आमिषाने काठी वाकत नाही व फेक पडते. जड आमिषाने काठी मोडण्याचा संभव असतो.

जिग व प्लॅस्टिकचे गांडूळ यांचा एकच जाड गळ माशाच्या टणक जबड्यात झटक्याने रोवावा लागतो. त्यांना जड ताकदीची, जलद वाकाची काठी योग्य. क्रँकबेटला बारीक तिपाखी गळ असतात. ताठ काठीने झटका दिल्यास ते तोंडातून निसटतात किंवा मांस फाडतात. म्हणून तेथे मध्यम वाकाची, हळूहळू झुकणारी काठी घेतात.

रीळ : आडव्या फिरत्या गुंडाळ्याचे रीळ काठीच्या वर बसविले जाते. त्यात आमिषाच्या ओढीनेच गुंडाळा फिरतो, त्यामुळे सु. ७ ग्रॅ. हून हलके आमिष त्याने फेकणे अवघड जाते. आमिष मंदावल्यावरही गुंडाळा वेगाने फिरत राहिल्यास दोऱ्याचा गुंता होतो. तो टाळण्यासाठी चुंबकी वा केंद्रोत्सारी रोधक व अंगठ्याचा दाब उपयोगी पडतात. जड आमिषे, जाड दोरा व अचूकता यांसाठी हे रीळ श्रेष्ठ ठरते. स्थिर गुंडाळ्याचे रीळ काठीच्या खाली बसते. त्यावरून दोरा वेटोळ्यांनी सुटतो, म्हणून २ ते ७ ग्रॅ. ची आमिषेही दूर जातात व नवशिक्यास ते सोपे पडते. मात्र दोऱ्यास पीळ पडतो. झाकलेले रीळ मुलांना व प्रारंभिक सरावाला सोयीचे असते.

हँडलच्या एका फेऱ्यात गुंडाळा किती वेळा फिरतो, यास दंतचक्र-गुणोत्तर म्हणतात. खोल जाणाऱ्या क्रँकबेटसाठी सु. ५:१, सर्वसाधारण उपयोगासाठी ६:१ ते ७:१ आणि जिग व गांडूळ यांचा सैल दोरा चटकन गोळा करण्यासाठी ८:१ पर्यंतचे रीळ घेतात. रिळाचा ताण-रोधक दोऱ्याच्या बळाच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश बळाला दोरा सुटेल असा लावतात.

सर्व प्रकारची पारध एका संचाने होत नाही. दोनच संच घ्यावयाचे झाल्यास मध्यम ताकदीची काठी, स्थिर गुंडाळ्याचे रीळ व ३.५ किग्रॅ. च्या सुमाराचा दोरा हा पहिला. मध्यम-जड ताकदीची जलद वाकाची काठी, फिरत्या गुंडाळ्याचे रीळ व ७ किग्रॅ. च्या सुमाराचा दोरा हा दुसरा. या दोहोंत बहुतेक आमिषे सामावतात.

माशाचे जगणे : फार हलक्या साधनांनी मोठा मासा दमवून आणणे काही लोक कौशल्याचे मानतात, परंतु दीर्घ झुंजीने माशाच्या स्नायूंत आम्ल साठते व उन्हाळ्यातील कमी प्राणवायूच्या पाण्यात तो सोडल्यानंतरही मरू शकतो. पाण्याला पुरेल एवढी बळकट साधने वापरून मासा लवकर आणणे, हाच त्याच्या हिताचा मार्ग होय. जिवंत आमिष मासा गिळून टाकतो व गळ अन्ननलिकेत रुततो. चालत्या कृत्रिम आमिषाचा गळ बहुधा ओठात अडकतो. उलट्या अणीशिवायचे गळ लवकर सुटतात. सु. ८ मी. हून अधिक खोलीवरून वेगाने वर आणलेल्या माशाची वाताशय फुगून त्याला खाली जाता येत नाही. घरट्यावरील नर काही काळ जरी दूर झाला, तरी इतर मासे अंडी खाऊन टाकतात. म्हणून कॅनडातील आँटॅरिओसारख्या काही प्रदेशांत विणीच्या काळात पारध बंद असते. शिशाची लहान वजने गिळल्याने लून हे पाणपक्षी विषबाधेने मरतात. न्यू हँपशर राज्याने २००० पासून अशा वजनांचा वापर निषिद्ध केला. टंगस्टन व पोलाद हे त्यांना पर्याय आहेत.

मासा परत सोडण्याचा नियम सार्वत्रिक मात्र नाही. जपानमध्ये १९२५ साली आणलेल्या बासने तेथील स्थानिक माशांची हानी केली. त्यामुळे बिवा सरोवर ज्यात आहे, त्या शिगा प्रांतात पकडलेला बास परत सोडण्यास २००३ पासून मनाई आहे. २००५ पासून मोठ्या तोंडाचा बास राष्ट्रीय कायद्यानेही उपद्रवी परकी जाती ठरला. याच सरोवरात २००९ मध्ये मानाबू कुरिता यांनी पकडलेला सु. १०.१२ किग्रॅ. वजनाचा मासा जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी यांच्या १९३२ सालच्या जागतिक उच्चांकाच्या बरोबरीचा मानला गेला.

बास भारतातील मूळचा मासा नाही. येथील नद्यांतील महसीर हा गळाच्या पारधीत प्रसिद्ध असलेला मासा कार्पच्या कुलातील असून वाहत्या पाण्यात फार जोराने ओढतो. त्यासाठी दोरा अधिक लांब व गळ अधिक मजबूत लागतात. परंतु पाणी व मासा पाहून आमिष, आमिषावरून दोरा, मग काठी व शेवटी रीळ हा निवडीचा क्रम तेथेही बदलत नाही.