पात्रता कोण ठरवतो?

फुटबॉलच्या विश्वचषकाची चर्चा आपल्याकडे चार वर्षांतून एकदा महिनाभर रंगते. कोण जिंकले, कुणी किती गोल मारले, कुणाला लाल कार्ड मिळाले, एवढ्यावर ती संपते. परंतु त्या मैदानावर उतरण्याचा अधिकार कुणाला, हे आधीच्या दोन-तीन वर्षांत खंडाखंडांच्या पात्रता फेऱ्यांतून ठरत असते. आणि कोणत्या खंडाच्या वाट्याला किती जागा, हे त्याच्याही आधी फिफा या जागतिक संघटनेच्या बैठकीत ठरलेले असते. म्हणजे प्रश्न जागावाटपाचा आहे. जागावाटप म्हटले की कोण बोलतो, कोण गप्प बसतो आणि 'गुणवत्ते'चा गजर कोण सुरू करतो, हे आंबेडकरी चळवळीतल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

१९६६ चा विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला. एकूण जागा १६. त्यांपैकी यजमान इंग्लंड धरून युरोपला १०, गतविजेता ब्राझील धरून दक्षिण अमेरिकेला ४, उत्तर व मध्य अमेरिकेला १. राहिली एक. ती एक जागा आफ्रिका, आशिया आणि ओशिनिया या तिघांत मिळून! जगातली बहुसंख्य माणसे ज्या दोन खंडांत राहतात, त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियाला सोबत घेऊन एक खुर्ची. आफ्रिकेतल्या गटविजेत्यांनी आधी आपसात लढायचे आणि मग जो उरेल त्याने आशियाच्या विजेत्याशी लढायचे, अशी व्यवस्था १९६४ च्या जानेवारीत जाहीर झाली.

त्याआधीचा अनुभव काही बरा होता असे नाही. १९६२ च्या विश्वचषकासाठी मोरोक्को आफ्रिकेत सर्वांना मागे टाकून पुढे आला.  मोरोक्कोला मात्र त्यानंतर युरोपातल्या बलाढ्य स्पेनशी दोन सामने खेळायला लावले. १९६१ च्या नोव्हेंबरात झालेले ते दोन्ही सामने मोरोक्कोने एकेका गोलाने गमावले आणि आफ्रिकेची पाटी कोरी राहिली. आपल्या लोकांनी निवडून दिले तरी शेवटची मोहोर दुसऱ्याने उठवायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे. १९३२ च्या पुणे करारात अस्पृश्यांच्या राखीव जागा १४८ झाल्या खऱ्या. पण प्राथमिक निवडणुकीत आपण चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतला विधिमंडळात कोण जाणार हे संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे व्यवहारात सवर्ण बहुसंख्येने ठरवायचे, असा तो प्रकार होता. कोणता उमेदवार त्यातून पार होत असे, हे बाबासाहेबांनी पुढे पुराव्यानिशी मांडले.

फिफाचे अध्यक्ष तेव्हा सर स्टॅन्ले राउस होते. इंग्रज गृहस्थ, पूर्वीचे शाळामास्तर आणि नावाजलेले पंच. प्रस्थापितांचे म्हणणे असे की आफ्रिकेचा खेळ अजून त्या दर्जाचा नाही. दर्जा वाढला की जागा वाढतील. वरवर पाहता किती समंजस वाक्य! पण विश्वचषकात खेळायलाच मिळाले नाही तर दर्जा सिद्ध करायचा कुठे? विहिरीवर येऊ द्यायचे नाही आणि वर अस्वच्छ म्हणून हिणवायचे, त्यातलाच हा न्याय. आणि दर्जा नव्हता हे तरी खरे होते काय? घानाच्या संघाने १९६२ साली आक्रा येथे रिआल माद्रिदला ३-३ असे बरोबरीत रोखले होते. त्या वेळी युरोपातल्या क्लबांत रिआलचे नाव सर्वांत मोठे होते. हाच घाना १९६३ आणि १९६५ असा लागोपाठ दोनदा आफ्रिकेचा विजेता ठरला.

घानाचे राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांना फुटबॉल हा आफ्रिकी ऐक्याचा भाग वाटत होता. त्यांच्या राजवटीतले क्रीडाप्रमुख ओहेने जान हे फिफाच्या कार्यकारिणीवरही होते. त्यांनी तार पाठवून स्पष्ट कळवले की ही खर्चिक आणि लांबलचक फेरी एका जागेसाठी खेळायला लावणे अन्यायाचे आहे, निदान आफ्रिकेला तिची स्वतःची एक जागा द्या. मागणी केवढी, तर एक! तीही नाकारली गेली. मग आफ्रिकेच्या महासंघाने बहिष्कार पुकारला आणि नावे नोंदवलेल्या १५ आफ्रिकी देशांनी स्पर्धेतून अंग काढून घेतले.

बहिष्काराला दुसरेही कारण होते, आणि ते पहिल्याहून लहान नव्हते. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका! आफ्रिकी महासंघाची १९५७ साली खार्टुममध्ये स्थापना झाली, तेव्हा इजिप्त, सुदान, इथिओपिया यांच्याबरोबर दक्षिण आफ्रिकाही होती. पहिल्याच आफ्रिका चषकासाठी मिश्र संघ आणा म्हटल्यावर तिने नकार दिला. एकतर सगळे गोरे खेळतील, नाहीतर सगळे काळे, एकत्र नाही. परिणामी तो पहिला चषक तीनच देशांत खेळवला गेला. तीन तर तीन, पण तत्त्वाशी तडजोड नाही. फिफाने १९६१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला निलंबित केले होते. १९६३ च्या सुरुवातीला राउस स्वतः तिकडे जाऊन आले आणि निलंबन उठले. काळ्या, भारतीय वंशाच्या आणि 'रंगीत' म्हटल्या जाणाऱ्या खेळाडूंच्या संघटनांनी १९५१ पासून वर्णभेदाविना चालवलेला वेगळा महासंघ तिथे होता. त्यांचे म्हणणे राउस यांना राजकारण वाटले, आणि गोऱ्यांची संघटना मात्र निव्वळ खेळाची वाटली. गोऱ्या संघटनेने काढलेला तोडगा तर असा की १९६६ ला गोरा संघ पाठवू, १९७० ला काळा. माणुसकीची पाळी लावून दिली! आफ्रिकेत कुणी त्यांच्याशी खेळणार नाही हे दिसल्यावर फिफाने त्यांना चक्क आशियाच्या गटात टाकले. अखेर १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या अधिवेशनात आफ्रिकी आणि आशियाई मतांच्या जोरावर ते निलंबन पुन्हा लादले गेले.

'खेळात राजकारण आणू नका' असे सांगणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांना बाळू पालवणकरांची आठवण करून द्यावी. हिंदूंच्या संघाला त्यांची फिरकी हवी होती. कर्णधारपद देण्याची वेळ आली की जात आठवत होती.

आफ्रिका बाहेर पडल्यावर पात्रता फेरीचे काय झाले पाहा. दक्षिण कोरियानेही माघार घेतली. उरले उत्तर कोरिया आणि ऑस्ट्रेलिया. १९६५ च्या नोव्हेंबरात कंबोडियाच्या नॉम पेन्हमध्ये दोन सामने झाले, उत्तर कोरियाने ते ६-१ आणि ३-१ असे जिंकले, आणि तीन खंडांचा एकमेव प्रतिनिधी ठरला. इंग्लंडमध्ये या संघाला कुणी हिशेबात धरले नव्हते. त्याने इटलीला १-० ने हरवून घरी पाठवले! गोल पाक दू इकचा. उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालविरुद्ध हा संघ ३-० ने पुढे होता; शेवटी ५-३ असा हरला. नाखुशीने दिलेल्या त्या एका जागेवर बसलेल्या संघाची ही कामगिरी.

आणि पोर्तुगालला वाचवले कुणी? पाचपैकी चार गोल युसेबिओचे होते. तोच त्या स्पर्धेत ९ गोलांसह सर्वाधिक गोल करणारा ठरला. युसेबिओ जन्मला मोझांबिकमध्ये. पोर्तुगालचा कर्णधार मारिओ कोलुना, त्याचाही जन्म मोझांबिकचा. मोझांबिक १९७५ पर्यंत पोर्तुगालची वसाहत होती. आफ्रिकेत गुणवत्ता नाही म्हणणाऱ्यांच्या विश्वचषकात आफ्रिका खेळतच होती, मालकाचा शर्ट घालून.

बहिष्काराची किंमत मोजावी लागली, हेही लपवू नये. फिफाने दंड ठोठावला. घानाची ती उमदी पिढी विश्वचषक न पाहताच म्हातारी झाली; घाना पहिल्यांदा विश्वचषकात उतरला तो २००६ साली. एन्क्रुमा यांना तर १९६६ च्या फेब्रुवारीतच लष्कराने सत्तेवरून खाली खेचले. पण मागणी मागे घेतली गेली नाही. १९७० पासून आफ्रिकेला स्वतःची एक जागा मिळाली आणि मोरोक्को मेक्सिकोला गेला. १९३४ च्या इजिप्तनंतर ३६ वर्षांनी आफ्रिकेचा संघ विश्वचषकात दिसला.

पुढचा टप्पा मतपेटीचा. फिफामध्ये एका देशाला एक मत असते. आफ्रिकेतले देश जसजसे स्वतंत्र होऊन सदस्य झाले तसतसे ही मते वाढली, आणि १९७४ मध्ये फ्रँकफर्टच्या अधिवेशनात राउस यांचा पराभव झाला. जास्त जागा आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला बंदी, ही आश्वासने देऊन ब्राझीलचे जोआव हावेलांज निवडून आले. हावेलांज काही संत नव्हते. त्यांनी घेतलेल्या पैशांची कागदपत्रे २०१२ मध्ये स्विस न्यायालयामार्फत उघड झाली. पण मागणाऱ्यांनी देणाऱ्याचे चारित्र्य तपासत बसायचे की मताची किंमत वसूल करायची? १९७६ मध्ये, सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात, दक्षिण आफ्रिकेला फिफातून काढले गेले. १९८२ पासून आफ्रिकेच्या जागा दोन झाल्या, १९९८ पासून पाच.

जागा मिळाल्यावर काय झाले? १९७४ ला झाईर युगोस्लाव्हियाकडून ०-९ हरला तेव्हा 'बघा, म्हणत नव्हतो?' असे म्हणणारे खूप होते. २०१४ ला ब्राझील घरच्या मैदानावर १-७ ने हरला, तेव्हा ब्राझीलची जागा काढून घ्या असे कुणी म्हटले नाही. १९७८ ला ट्युनिशियाने मेक्सिकोला हरवले. १९८२ ला अल्जिरियाने पश्चिम जर्मनीला लोळवले. १९९० ला कॅमेरून, २००२ ला सेनेगल, २०१० ला घाना उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले आणि २०२२ ला मोरोक्को थेट उपांत्य फेरीत. आधी जागा आली, दर्जा नंतर सगळ्यांना दिसला. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी प्रतिनिधित्व मागितले, तेव्हाही अस्पृश्यांत लायक माणसे किती, असे विचारणारे होतेच.

२०२६ च्या ४८ संघांच्या विश्वचषकासाठी आफ्रिकेतल्या ५४ देशांना ९ थेट जागा मिळाल्या. युरोपच्या ५५ देशांना १६, दक्षिण अमेरिकेच्या १० देशांना ६. म्हणजे हिशेब अजून फिटलेला नाही. तरी २०२५ च्या ऑक्टोबरात त्या ९ जागांचा निकाल लागला तो पाहण्यासारखा होता. सुमारे पाच लाख वस्तीचा केप व्हर्दे हा बेटांचा देश कॅमेरूनला मागे टाकून पहिल्यांदाच पात्र ठरला. दुसऱ्या एका गटात निलंबित खेळाडू खेळवल्याबद्दल फिफाने एका संघाचे तीन गुण कापले होते. त्या संघाने शेवटच्या सामन्यात रवांडाला ३-० ने हरवले आणि नायजेरियापेक्षा एका गुणाने पुढे राहून गट जिंकला. तो संघ दक्षिण आफ्रिकेचा होता. काळे, गोरे सगळे एकाच संघात, आणि गट आफ्रिकेचा.