संत्रे न सोलता बिया मोजायच्या तर?

नागपूरच्या मुलांना संत्र्याच्या बिया नव्याने दाखवायला नकोत. पण फळ न सोलता बिया किती आणि नेमक्या कोठे आहेत ते सांगा, म्हटले तर? पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगावरील एका उपचारात डॉक्टरांपुढे असाच प्रश्न असतो.

पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली ही ग्रंथी साधारण अक्रोडाएवढी असते. तिच्यामधून मूत्रमार्ग जातो आणि मागे लगेच गुदाशय असतो. रोग ग्रंथीपुरताच असेल तर काही रुग्णांत तिच्यात आयोडीन-१२५ च्या किरणोत्सारी कुप्या सुईने कायमच्या रोवतात. एक कुपी सुमारे ४.५ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर जाड असते, वर टायटॅनियमचे आवरण असते. अशा कित्येक डझन कुप्या लागतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्या आपल्या देशात तयार केल्या. डोळ्याच्या व प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी असलेल्या या कुप्यांचे नाव ‘ऑक्यु-प्रोस्टा’.

आयोडीन-१२५ चे अर्धायुष्य सुमारे ६० दिवस आहे. म्हणजे ६०० दिवसांत क्रियाशीलता निम्मी होत होत सुमारे हजारांशावर येते. त्याचे किरण कमी ऊर्जेचे असल्याने ऊतींत लवकर शोषले जातात. अंतर दुप्पट झाले की व्यस्त वर्गाच्या नियमाने मात्रा चौथाई होते, शोषणामुळे त्याहूनही कमी. म्हणून शेजारचे अवयव बचावतात; पण म्हणूनच कुप्या काही मिलिमीटर चुकल्या तरी एखाद्या भागात रोग शिल्लक राहू शकतो किंवा गुदाशयाला इजा होऊ शकते. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ओटीपोट उघडून, हाताच्या अंदाजाने कुप्या रोवत. त्यांचे वाटप असमान होई. १९८३ साली डेन्मार्कमध्ये होल्म व सहकाऱ्यांनी गुदाशयातून सोनोग्राफी करीत, सुई पाहत पाहत रोवण्याची पद्धत मांडली.

तरीही नंतर तपासणी हवीच. साध्या क्ष-किरण चित्रात धातूच्या कुप्या स्पष्ट दिसतात, त्या मोजता येतात. पण ग्रंथी दिसत नाही. शिवाय एकामागे एक असलेल्या कुप्यांची सावली एकच पडते. हे वर्गात दाखवता येईल. पारदर्शक डब्यात दोन मणी दोऱ्याने एकामागे एक टांगा. समोरून विजेरी धरली तर भिंतीवर एकच सावली दिसेल, बाजूने धरली तर दोन. वेगवेगळ्या दिशांच्या सावल्यांवरून जागा ठरवता येते. सीटी स्कॅनमध्ये असंख्य दिशांनी चित्रे घेऊन संगणक हेच काम करतो.

सीटीत कुप्या चमकतात, पण ग्रंथीची कड धूसर राहते. एमआरआयमध्ये कड स्वच्छ दिसते, मात्र कुप्या नुसते काळे ठिपके होतात आणि रक्तवाहिन्यांशी त्यांची गल्लत होऊ शकते. म्हणून दोन्ही चित्रे एकमेकांवर बसवतात. सुया टोचल्याने ग्रंथी सुजते; सूज उतरावी यासाठी ही तपासणी बहुधा महिनाभराने करतात.

मग संगणक प्रत्येक कुपीची मात्रा बेरजेत धरून, ग्रंथीच्या ९० टक्के भागाला किमान किती मात्रा मिळाली ते काढतो. केवळ कुप्यांचाच उपचार असेल तर ठरवलेली मात्रा साधारण १४५ ग्रे असते. रोवलेली कुपी सहसा परत काढत नाहीत. पण उणीव वेळेवर कळली तर आणखी कुप्या रोवून किंवा बाहेरून किरण देऊन ती भरून काढता येते. रोग शिल्लक राहण्याआधी ही संधी मिळते, ती या चित्रांमुळे.