इन्सासची तीन तपे

१९६२च्या युद्धात हिमालयाच्या सीमेवर उभ्या असलेल्या आपल्या जवानांच्या हाती जी ली-एनफील्ड बंदूक होती, तिचा बोल्ट प्रत्येक गोळीमागे हाताने ओढावा लागे. त्या पराभवानंतर इशापूरच्या रायफल कारखान्यात बेल्जियन घाटाची ७.६२ मिलिमीटरची रायफल तयार होऊ लागली आणि ‘एसएलआर’ या नावाने ती पलटणींच्या अंगवळणी पडली. तिची गोळी लांब पल्ल्याची व जबर आघात करणारी खरी. परंतु बंदूक लांब, वजनदार, खांद्याला धक्का देणारी, आणि काडतुसेही जड असल्यामुळे ती बेताचीच बाळगता येत. जगातील बहुतेक प्रगत सैन्ये एव्हाना लहान व्यासाच्या हलक्या गोळीकडे वळली होती. ऐंशीच्या दशकात आपल्या लष्करानेही तोच मार्ग पत्करला, आणि पुण्यात पाषाण येथे असलेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेकडे ५.५६ मिलिमीटरची रायफल, हलकी मशीनगन व कार्बाइन असे ‘इन्सास’ नावाचे एक संपूर्ण शस्त्रकुल निर्माण करण्याची कामगिरी आली. पैकी कार्बाइन मागेच राहिली.

पाषाणच्या अभियंत्यांनी सर्व काही मुळापासून नवे निर्माण करण्याचा अट्टाहास धरला नाही, हे मला त्यांच्या शहाणपणाचेच लक्षण वाटते. वायूच्या दाबाने दट्ट्या मागे रेटला जावा आणि त्यासरशी बोल्ट फिरून मोकळा व्हावा ही यंत्रणा कलाश्निकोव्हच्या वळणाची; तो वायू कमीजास्त करण्याची सोय एसएलआरच्या घराण्यातली. वीस काडतुसांचे मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचे केले, जेणेकरून आत किती शिल्लक आहे ते जवानाला बाहेरूनच दिसावे. चाप दाबून धरला तरी एका वेळी तीनच गोळ्या सुटाव्यात, अशी कळ बसविली. दारूगोळ्याची उधळपट्टी टाळण्याची ही दक्षता एखाद्या चोख खजिनदाराला शोभण्यासारखी होती.

दुर्दैव आले ते विलंबाच्या वाटेने. आराखडा, चाचण्या, दुरुस्त्या, मंजुरी आणि पुरवठा या पायऱ्यांवर इतकी वर्षे सरली की, काश्मीर पेटले तेव्हा सरकारला नव्वदच्या दशकारंभी पूर्व युरोपातून कलाश्निकोव्ह घाटाच्या रायफली तातडीने मागवाव्या लागल्या. १९९८च्या प्रजासत्ताकदिनी इन्सास राजपथावरील संचलनात दिसली, आणि दुसऱ्याच वर्षी कारगिलच्या शिखरांवर तिची खरी परीक्षा झाली. तेथील कडाक्याच्या थंडीत ते प्लास्टिकचे मॅगझिन ठिसूळ होऊन तडकू लागले. गोळी झाडताना आतले तेल उडून नेम धरणाऱ्याच्या डोळ्यांत जाते, अशाही तक्रारी दफ्तरी दाखल झाल्या. यांतील बरेचसे दोष कागदावरच्या आराखड्यापेक्षा साहित्याच्या निवडीत आणि कारखान्यांतील घडणीत होते, व पुढे सुधारणाही झाल्या. पण ज्याच्या हातातली बंदूक ऐन चकमकीत अडते, त्याच्यापुढे हा भेद मांडण्यात काय हशील? २००५ साली नेपाळच्या सैन्यानेही माओवाद्यांशी झालेल्या लढाईनंतर या रायफलीविरुद्ध गाऱ्हाणे मांडले, तेव्हा भारताकडून वापर आणि निगराणी यांतील उणिवांकडे बोट दाखविण्यात आले. नक्षलग्रस्त जंगलांत लढणाऱ्या केंद्रीय राखीव पोलीस दलाचा ओढाही कलाश्निकोव्हकडेच राहिला, कारण झाडीतून अकस्मात समोर येणाऱ्या शत्रूपुढे तीन गोळ्यांची मर्यादा कोणालाच परवडत नव्हती.

२०१९च्या फेब्रुवारीत ७२,४०० अमेरिकन ‘सिग’ रायफलींचा करार झाला. त्यांचा व्यास ७.६२ मिलिमीटर, काडतूस जुन्या एसएलआरच्याच मापाचे. म्हणजे हलक्या गोळीचा सिद्धान्त स्वीकारून काढलेल्या तीन तपांनंतर लष्कर पुन्हा जड गोळीपाशी आले. अमेठीजवळील कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने तयार करावयाच्या सहा लाखांवर एके-२०३ रायफलींचा करार २०२१च्या डिसेंबरात झाला. या रायफलीची कळ पूर्ण स्वयंचलित मार्‍यावर ठेवली, तर चाप धरून ठेवताच मॅगझिन रिते होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात. इन्सासने जी काटकसर यंत्राकरवी सक्तीची केली होती ती आता जवानाच्या तारतम्यावर सोपविली गेली आहे. आणि प्रशिक्षणावर भरवसा ठेवून लष्कराने ती पहिल्यापासूनच तशी सोपवावयास हवी होती, असे माझे मत आहे.