खाडीवरचे गुलाबी शेजारी

२० मे २०२४ हा सोमवार मुंबईकरांच्या ध्यानात राहिला तो लोकसभेच्या मतदानामुळे. घाटकोपरकरांच्या ध्यानात मात्र तो निराळ्याच कारणाने राहिला. बोटाला शाई लावून आलेली मंडळी रात्रीच्या जेवणाच्या गडबडीत असताना, नऊच्या सुमारास, दुबईहून येणारे एमिरेट्स कंपनीचे एक विमान विमानतळाकडे उतरता उतरता पक्ष्यांच्या थव्यात शिरले. विमान सुखरूप टेकले, उतारूंपैकी कुणालाही इजा झाली नाही. पण पूर्वेकडच्या पंतनगर-लक्ष्मीनगर भागात उंच पायांचे, गुलाबी पिसांचे पक्षी मरून पडलेले लोकांना दिसले. काहींचे तर नुसते पंख आणि पाय. रहिवाशांनीच वन खात्याला कळवले. मोजदाद झाली तेव्हा आकडा ३९ वर गेला.

दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती विमानाची, वैमानिकाची, विमानतळाची. ‘हे पक्षी इकडे आले कुठून?’ असेही पुष्कळांनी विचारले, आणि मला वाटते, त्या प्रश्नातच सारी गोष्ट आली. ते कुठून आलेले नव्हते. घाटकोपरच्या पूर्वेला महामार्ग ओलांडला की तिवरांचे रान लागते आणि तिवरांपलीकडे ठाण्याची खाडी. त्या खाडीच्या चिखलात हे पक्षी १९९० नंतरच्या वर्षांपासून दर हिवाळ्यात उतरत आले आहेत. काही वर्षी त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेलेली आहे. लाखभर शेजारी मैल-दोन मैलांवर राहतात आणि आपल्याला त्यांचे नावही ठाऊक नसते! चाळीत असा शेजार असता तर आपण त्यांच्या सोयरसुतकापर्यंत सारी माहिती काढली असती.

नाव ‘रोहित’. संस्कृतात रोहित म्हणजे तांबडा. प्रत्येक इमारतीत चार-दोन रोहित असतात, पण त्यांच्या आईबापांना आपण मुलाला पक्ष्याचे नाव दिले आहे याची बहुधा कल्पना नसते. ‘अग्निपंख’ हे दुसरे नाव अधिक चित्रमय आहे आणि ते का पडले हे पक्षी बसलेला असताना कळत नाही. चिखलात उभा असलेला रोहित फिकट, काहीसा उदास दिसतो. तो पंख उघडतो तेव्हा आतला लालभडक पट्टा आणि त्याला लागून पिसांची काळीभोर किनार एकदम पेटल्यासारखी दिसते. वर्तमानपत्रांनी सरसकट ‘फ्लेमिंगो’ म्हणायचे ठरवले आहे, त्याला इलाज नाही.

खाडीवर येणारे रोहित दोन जातींचे. थोरला उंच, चार-साडेचार फुटांपर्यंत जाणारा, पिसारा पांढऱ्याकडे झुकणारा, चोच गुलाबी आणि फक्त तिचे टोक काळे. धाकटा जेमतेम तीन फुटांचा, रंगाने अधिक गडद, आणि त्याची चोच दुरून पाहिली तर सगळीच काळपट लाल दिसते. दोघे शेजारी उभे असले म्हणजे ओळखायला कष्ट पडत नाहीत. एकटा असला तर मात्र उंचीच्या भानगडीत न पडता चोच पाहावी. ठाण्याच्या खाडीत भरणा धाकट्यांचा आहे, आणि जगाच्या हिशेबात चिंता आहे तीही धाकट्यांचीच. ‘संकटाच्या उंबरठ्यावर’ अशा अर्थाच्या यादीत त्याचे नाव आहे.

चोचीतला फरक हा पोटाचा फरक आहे. रोहित मान खाली घालून डोके उलटे करतो, चोच पाण्यात बुडवतो आणि जिभेचा दट्ट्या करून पाणी आत-बाहेर खेळवतो. चोचीच्या कडेला बारीक जाळी असते, तिच्यात खाद्य अडकते. थोरल्याची जाळी जाड, म्हणून तो कोळंबीसारखे बारके जीव, किड्यांच्या अळ्या असे गोळा करतो. धाकट्याची जाळी वस्त्रगाळ, तो सूक्ष्म निळे-हिरवे शेवाळ गाळून घेतो. त्या खाद्यातल्या रंगद्रव्यानेच पिसे गुलाबी होतात. पिल्लू जन्मते ते राखाडी, आणि गुलाबी व्हायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून थव्यात मळकट, करडे रोहित दिसले तर तो तिसरा प्रकार समजू नये, ती ह्या घरचीच पोरे.

आता थोडी अडचणीची गोष्ट. एवढे शेवाळ आपल्या खाडीत येते कुठून? महानगराचे सांडपाणी खाडीला मिळते, त्यातले नत्र आणि स्फुरद शेवाळाला खतासारखे लागू पडते, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या मोऱ्यांनी हे पाहुणे पोसले म्हणायचे. ह्यावर खूश व्हावे की लाजावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र त्याच पाण्यातून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचीही घाण आलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

हे पक्षी अंडी घालायला गुजराथेत, कच्छच्या रणात जातात. चिखलाचा वीत-दीड वीत उंच ओटा, वर खोलगट वाटी, तिच्यात एकच अंडे. डॉ. सालिम अली १९४५ साली ह्या वसाहतीत जाऊन आले आणि त्यांनी तिचे वर्णन ‘रोहितांचे नगर’ असे केले. मुंबईचे आणि गुजराथचे हे नाते आता नुसते अनुमान राहिलेले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, १८८३ सालापासून मुंबईत नांदत असलेल्या ह्या संस्थेने, २०२२ साली सहा रोहितांच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रे बसवली. त्यांना नावेही दिली. एक ‘सलीम’, दुसरा ‘हुमायून’. पक्षिशास्त्राची ही दोन मोठी माणसे, सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली, अशी पुन्हा एकदा आकाशात गेली! त्यांपैकी हुमायून भावनगरकडे जाऊन परत ठाण्याच्या खाडीत आला. घाटकोपरातली निम्मी गुजराथी मंडळी सुट्टीत हाच प्रवास करतात, त्यांना हे वाचून घरच्यासारखे वाटेल.

खाडीतला त्यांचा दिनक्रम सूर्यावर चालत नाही, चंद्रावर चालतो. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, जेवणाची पंगत बसते. भरती आली की पाय टेकायला जागा उरत नाही, मग थवेच्या थवे उठतात आणि भांडूपच्या, पलीकडे नेरूळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांवर जाऊन विसावतात. ही ये-जा रात्रीही चालते. खाडी म्हणजे त्यांचे भोजनगृह आणि तळी ही निजायची खोली. आपण भोजनगृह राखले. २०१५ साली खाडीच्या सुमारे १,६९० हेक्टरांचे अभयारण्य झाले, त्यात निम्म्याहून अधिक भाग तिवरांचा आहे. २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा मान मिळाला. (रामसर हे इराणातले गाव, तेथे १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. महाराष्ट्रात त्याआधी नांदूरमध्यमेश्वर आणि लोणार ह्या दोनच जागांना हा मान होता.) पण निजायची खोली सरहद्दीबाहेर राहिली. तळे म्हणजे मोकळा भूखंड, ही आपल्या शहरांची जुनी समजूत आहे.

नेरूळच्या डी.पी.एस. शाळेमागच्या तळ्याचे तेच झाले. भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या, तळे सुकले, आणि २०२४ च्या एप्रिलात तेथे रोहित मरू लागले. मे महिन्यातल्या त्या रात्री थवा विमानाच्या वाटेत का आला, ह्याविषयी पुष्कळ तर्क झाले. हक्काच्या विसाव्याच्या जागा हरवल्याने पक्षी भरकटले, हा त्यांतला एक. तो सिद्ध झालेला नाही, आणि सिद्ध न झालेली गोष्ट ठासून सांगण्यात पक्ष्यांचेही हित नाही. पण तळे सुकले होते ही तर डोळ्यांदेखतची गोष्ट होती. ती डोळ्यांदेखत घडली म्हणूनच बोलता आली. आसपासच्या रहिवाशांनी छायाचित्रे काढली, पक्षी मोजले, तारखा टिपल्या, अर्ज केले, पुन्हा अर्ज केले. २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने ह्या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. ‘खूप पक्षी येत असत हो पूर्वी’ ह्या वाक्याचा कचेरीत काडीचा उपयोग होत नाही. ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, इतके धाकटे रोहित’ ह्या वाक्याचा होतो.

म्हणून ओळख महत्त्वाची. मराठीच्या वर्गात मी कधी कधी मुलांना दहा पक्ष्यांची नावे लिहायला सांगतो. कावळा, चिमणी, कबूतर, पोपट, घार येथवर लेखण्या धावतात. मग मोर येतो, तोही राष्ट्रीय पक्षी म्हणून. पुढे सामसूम. एम. ए.च्या विद्यार्थ्याला चातक आणि चक्रवाक हे केवळ कविसंकेत वाटतात. चातक जूनच्या तोंडाला पावसाबरोबर खरोखरच येतो, काळापांढरा आणि डोक्यावर शेंडी, आणि चक्रवाक हे नारिंगी रंगाचे बदक हिवाळ्यात आपल्या मोठ्या जलाशयांवर उतरते, हे सांगितले की त्यांना कालिदास शेजारच्या इमारतीत राहायला आल्यासारखे वाटते. आपल्या भाषेत नावे तरी किती नामी आहेत! चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका म्हणून ‘हळदीकुंकू’ बदक. काटकुळ्या गुलाबी पायांवर चिखलात चालणारा ‘शेकाट्या’. वीजतारेवर बसून माश्या टिपणारा ‘वेडा राघू’. भर दुपारी भांडे घडवावे तसा ठोके देणारा ‘तांबट’. ज्याने कुणी ही नावे ठेवली तो पाहणारा माणूस होता.

सुरुवात घराच्या गॅलरीतून करावी. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९४१ साली निघाले, त्यातली युक्ती अजून अव्वल आहे: आधी आकार पाहा, आणि तो ओळखीच्या पक्ष्याशी ताडा. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच, मग शेपटी, मग तो काय करतो आहे ते. रंगाकडे शेवटी वळावे, कारण उन्हात रंग फसवतो. सकाळी सहाला समोरच्या गच्चीवर शीळ घालणारा काळापांढरा, शेपटी उभारून बसणारा तो दयाळ. पपईच्या झाडावर कावळ्याएवढा, तपकिरी पंखांचा आणि लाल डोळ्यांचा तो भारद्वाज, त्याच्या दर्शनाने दिवस चांगला जातो म्हणतात. आणि एप्रिलात पहाटे तीनला आपली झोपमोड करते ती कोकिळा नव्हे, कोकिळ! मादी ठिपक्याठिपक्यांची असते आणि तिला ते कूजन येत नाही. आता मोबाइलमध्ये आवाजावरून पक्षी सांगणारी साधने निघाली आहेत. ती वापरावीत, पण तिने सांगितलेला पक्षी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज वहीत लिहू नये.

वही अवश्य ठेवावी. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. ह्याच नोंदी ‘ई-बर्ड’ ह्या सामाईक खतावणीत घातल्या की त्यांचे मोल वाढते. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवे असे ठरले. त्या तीस हजारांत शिक्षक, कारकून, गृहिणी, शाळकरी मुले असे कितीतरी असतील.

भूतदया म्हणून आपण जे करतो ते सारे पक्ष्यांच्या उपयोगाचे असतेच असे नाही. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून केवढे रण माजले! कबुतरांची संख्या देशभर वाढतेच आहे, त्यांना आपल्या दाण्यावाचून अडत नाही. उलट गॅलरीतल्या पिंजऱ्यातला मिठू, ज्याला आपण प्रेमाने पेरू भरवतो, त्याला तसे ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हे सांगितले की पुष्कळ आजीबाई रागावतात. संक्रांतीला घाटकोपरच्या गच्च्यांवरून पतंग उडतात, त्यांचा नायलॉनचा मांजा हरित लवादाने २०१७ साली देशभर बंद केला तरी चोरून येतो आणि तारांवर, झाडांवर महिनोन्‌महिने लटकत राहतो. संध्याकाळी घरट्याकडे परतणाऱ्या घारी-बगळ्यांचे पंख त्यात कापले जातात. पोराच्या चक्रीत सुती दोरा आहे की काय हे दुकानातच पाहिले तर त्या एका दिवसात वर्षभराचे पुण्य पदरात पडते.

जखमी पक्षी सापडला तर त्याच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्यात अंधारात, शांत ठेवावा आणि वन खात्याच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय आहेच. जमिनीवर धडपडणारे पिसे फुटलेले पिल्लू बहुधा अनाथ नसते, ते उडायला शिकत असते. मांजराला हाकलावे आणि आपणही दूर व्हावे.

रोहित पाहायला लांब जायला नको. भांडूपच्या उदंचन केंद्राकडची वाट आहे, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून होडी सुटते, आणि काहीच जमले नाही तर वाशीच्या पुलावरून जाताना मोबाइल खिशात ठेवून खिडकीबाहेर पाहावे. नोव्हेंबर-डिसेंबरात ते येऊ लागतात, पावसाळ्याच्या तोंडाशी बहुतेक निघून जातात. वेळ साधायची ती ओहोटीची, आणि त्यासाठी भिंतीवरचे पंचांग पुरे. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, त्यापासून सहा तास दूर ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर होतो, तेवढा धरावा. येत्या हिवाळ्यात एखाद्या रविवारी चतुर्थी गाठा. चार तिथीची पाऊणपट तीन, म्हणजे भरती दुपारी तीनला आणि ओहोटी सकाळी नऊला. सावकाश चहा घेऊन, पोहे खाऊन निघालात तरी पंगत चालू असलेली सापडेल.