जाड कातडी निराळी, बधिर कातडी निराळी



आषाढातली आवणी चालू आहे असे समजा. दुपारी भाकरी खायला माणसे खाचरातून बांधावर येऊन बसली, की त्यांच्या तळपायांकडे जरा बघा. माणूस शेणव्याचा असो की मुरबाडकडचा असो, जन्मभर अनवाणी चालला असेल तर त्याची टाच चिखलातून बाहेर आल्यावरही राठ दिसते. शेजारी शाळेतले गुरुजी चपला काढून बसले असतील, तर फरक तेव्हाच डोळ्यांत भरतो. मग कोणीतरी हसून म्हणतो, "गुरुजी, तुमची कातडी पातळ. आमची जाड. आम्हाला काटा काय करणार?"

या बोलण्यात अर्धे खरे आहे आणि अर्धे फसवे. ते वेगळे करून पाहिले पाहिजे, कारण त्या फसव्या अर्ध्यापायी माणसाचे पाऊल जाऊ शकते.

आधी कातडी म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे कारवीचा कूड घालतात आणि त्यावर शेणामातीने सारवतात. कातडीचेही तसेच दोन थर असतात. आतला थर म्हणजे कूड. त्याला अंतस्त्वचा म्हणतात. चिवट धाग्यांचे ते विणकाम असते, आणि रक्तवाहिन्या व स्पर्श कळवणाऱ्या नसा त्यातच असतात. वरचा थर म्हणजे सारवण, ती बाह्यत्वचा. सारवण झिजते आणि पुन्हा घालावे लागते. बाह्यत्वचाही रोज झिजते, पण तिला सारवायला कोणी लागत नाही. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाळतात आणि गळून पडतात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. अंघोळीला अंग चोळताना जो मळ निघतो, त्यात या मेलेल्या पेशीच पुष्कळ असतात.

आता जाडी किती? अंगावर बहुतेक ठिकाणी बाह्यत्वचा सुमारे ०.१ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाइतकी असते. डोळ्यांच्या पापणीवर त्याच्याही निम्मी. तळहात आणि तळपायावर मात्र ती दीड मिलिमीटरपर्यंत भरते. आतल्या थराची गोष्ट वेगळी आहे. तो पापणीत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तर पाठीवर तीन-चार मिलिमीटर असतो. म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर पातळ आणि जाड अशा दोन्ही कातड्या नांदत असतात. आणि लठ्ठ माणसाची कातडी चिमटीत जाड लागते ती कातडीची जाडी नव्हे. तिच्याखालची चरबी आपल्या चिमटीत येते.

मग माणसामाणसांत फरक कशाने पडतो?

तळपाय जाड असण्याची सुरुवात जन्माच्याही आधी झालेली असते. आईच्या पोटात, एक पाऊलही टाकले नसताना, बाळाच्या तळव्याची कातडी इतर अंगापेक्षा जाड असते. ही गोष्ट डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. पुढे वयाचा भाग येतो. तान्ह्या मुलाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ, म्हणून तिला जपावे लागते. म्हातारपणी आतल्या थराचे धागे विरळ होतात. आजीच्या हातावर नुसते खरचटले तरी काळेनिळे पडते ते त्यामुळेच. पुरुषांचा आतला थर बायकांपेक्षा सहसा जाड असतो, आणि पाळी थांबल्यावर बायकांचा थर अधिक लवकर विरळ होऊ लागतो.

ऊनही आपले काम करते. उन्हाने वरचा थर थोडा जाड होतो, पण आतले धागे तुटत जातात. म्हणून जन्मभर शेतात राबलेल्या माणसाची मान राठ असूनही सुरकुतलेली दिसते. रंगाचा मात्र जाडीशी संबंध नाही. काळ्या कातडीत रंगद्रव्य अधिक असते एवढेच.

पण तळहात-तळपायांत सर्वांत मोठा फरक पाडते ते काम. एकाच जागी वरचेवर घासणे आणि दाब आला, की तळाच्या पेशी भराभर वाढतात आणि वरच्या मेलेल्या पेशी लवकर गळत नाहीत. यालाच आपण घट्टा म्हणतो. विळ्याच्या मुठीने तळहाताला पडतो, सतारीच्या तारेने बोटाला पडतो, अनवाणी चालण्याने टाचेला पडतो. तोच माणूस नोकरीला कल्याण-मुंबईकडे गेला आणि पायात बूट घालू लागला, की काही महिन्यांत घट्टा मऊ पडत जातो. म्हणजे "आमची कातडीच जाड" हे कोणा जातीचे किंवा गावाचे लक्षण नव्हे. राबणाऱ्या कोणाच्याही हातापायांना घट्टे पडतील, गुरुजींच्यासुद्धा.

इथपर्यंत आपल्या बांधावरच्या माणसाचे बोलणे खरे ठरले. आता फसवे अर्धे.

गेंड्याची कातडी म्हटले की जिला काही लागतच नाही अशी कातडी, असे आपण धरून चालतो. जाड म्हणजे बधिर, हा आपला समज. तो खरा आहे का, हे केनियात तपासून पाहिले गेले. जन्मभर अनवाणी चालणारी माणसे आणि चपला-बूट वापरणारी माणसे यांचे तळपाय मोजले, आणि त्यांना स्पर्श किती कळतो तेही पाहिले. २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचा निकाल छापून आला. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जास्त जाड होते, पण त्यांच्या तळव्यांना जाणीव कमी नव्हती. घट्टा कडक असतो, म्हणून जमिनीचा दाब तो आतल्या नसांपर्यंत नीट पोचवतो.

शिक्षक मंडळींनी वर्गात एक सोपा प्रयोग करून दाखवावा. दोन बोथट काड्या घ्याव्यात. मुलाने डोळे मिटावेत. काड्या बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर अंतराने टेकवल्या, तरी तो "दोन" म्हणेल. पाठीवर मात्र बोटभर अंतर ठेवले तरी पुष्कळदा "एकच" म्हणेल. वास्तविक बोटाच्या टोकावरची बाह्यत्वचा पाठीपेक्षा कितीतरी जाड असते. तेव्हा स्पर्श किती बारीक कळणार हे ठरते त्या जागी नसा किती दाट आहेत आणि त्या धड आहेत की नाहीत यावर.

आता सांगा, करवंदीचा काटा आत शिरला, रक्त आले, आणि माणसाला कळलेच नाही, तर दोष जाड कातडीचा कसा म्हणायचा? तिथे नसच मेलेली असण्याचा संभव आहे.

नसा मरण्याची दोन मोठी कारणे आपल्याकडे आहेत. एक कुष्ठरोग, दुसरे बरीच वर्षे अंगात राहिलेला मधुमेह. कुष्ठरोगात बोटे आपोआप सडून गळतात अशी पूर्वी समजूत होती. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. तिथल्या रुग्णांवर काम करताना त्यांनी दाखवून दिले, की मांस मुळात सडत नाही. हात-पाय बधिर झाल्यामुळे चटका कळत नाही, खिळा कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी बोटे जातात. मधुमेहाच्या पायाचेही असेच होते.

कुष्ठरोगाला आज बहुविध औषधोपचार आहे. सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. २००५ च्या अखेरीस देशातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, तरी नवे रुग्ण आजही सापडतात. मात्र एकदा मेलेली नस बहुधा परत येत नाही. म्हणून लवकर जाणे महत्त्वाचे.

तेव्हा रात्री पाय धुताना एवढे करा. दिव्याच्या उजेडात तळवे बघा. स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या मुलाला बघायला सांगा. डोळे मिटून कापसाची वात किंवा गवताची काडी हलकेच फिरवून घ्या. राठ घट्ट्यावर ती अंधूक लागेल, पण बोटांच्या बेचक्यात आणि पावलाच्या वरच्या बाजूला स्पष्ट कळली पाहिजे. अंगावरच्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, जखम दुखत नसेल, पायातून चप्पल निसटलेली समजत नसेल, तर दुसऱ्या दिवशीच आरोग्य केंद्र गाठा. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका, आणि गरम पाण्यात पाय घालण्याआधी दुसऱ्या कोणाला हात घालून बघायला सांगा.

टाचेच्या भेगांना कोकमाचे तेल लावण्याची कोकणातली रीत चांगली आहे. पाय धुऊन, कोरडे करून लावावे. चिखल्या झाल्या असतील तर बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. घट्टा किंवा कुरूप पात्याने कापू नये. आणि गजकर्णावर किंवा गोरे होण्यासाठी दुकानातून मनाने मलम आणू नये. त्यातल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असते, आणि ते फार दिवस लावले तर कातडी खरोखरच पातळ होते. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे ठरवले, ते याचसाठी.

आता पुन्हा बांधावर या. पुढच्या खेपेला कोणी म्हणाला, "आमची कातडी जाड, आम्हाला काटा लागत नाही," तर त्याला एवढेच विचारा, "लागत नाही, की लागलेला कळत नाही?" कळत नाही असे तो म्हणाला, तर त्या दिवसाची आवणी राहू द्या आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा.